व्यवस्थापनाची दारे आणि मैदानावरची पोरे

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. नवी मुंबईचे नाव जगाच्या वर्तमानपत्रांत झळकले. पुढाऱ्यांची अभिनंदनाची पत्रके निघाली आणि खेळातून नेतृत्व कसे घडते यावर व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी व्याख्याने झोडली. त्या स्पर्धेत खेळलेल्या स्नेह राणा, रेणुका सिंग ठाकूर आणि प्रतिका रावल या तिघी रेल्वेच्या नोकरीत आहेत, ही गोष्ट मात्र त्या व्याख्यानांत कोणाच्या ध्यानात आली नाही. या देशात खेळाडूला आश्रय देते ती रेल्वे, देते ते सैन्य, देते ते पोलीस खाते. नेरुळपासून खारघरपर्यंत रांगेने उभ्या असलेल्या व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थांनी आपल्या माहितीपुस्तिकांच्या मुखपृष्ठावर खेळाडूंची छायाचित्रे छापली आहेत. वर्गातल्या बाकांवर त्यांना किती जागा दिली, याचा हिशेब कोणी मागितलेला नाही.

तो मागण्याची वेळ आली आहे, कारण अलीकडे एक नवीनच व्यापार या शहरांत जोरात आहे. वाशी, नेरुळ, खारघर येथील सुखवस्तू घरांत मूल आठवीत गेले की त्याचे ‘प्रोफाइल’ घडविण्यास आरंभ होतो. परीक्षेचे गुण पुरेसे नाहीत, सोबत एखादा खेळ हवा, असे सल्लागार सांगतो. आणि तो खेळ कबड्डी नसावा हेही, उघडपणे न बोलता, सांगतो. टेनिस, स्क्वॉश, तलवारबाजी, गोल्फ, घोडेस्वारी हे खेळ चालतात. मग परदेशी व्यवसाय-विद्यालयांकडे ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हणून अर्ज जातो, आणि तो इतरांच्या आधी जातो. लवकर अर्ज करणारास लवकर जागा, हे या बाजाराचे ब्रीद आहे.

वरवर पाहता यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. जो वेळेआधी तयार झाला त्याला वेळेआधी प्रवेश मिळाला, एवढेच. परंतु वेळेआधी तयार कोण होऊ शकतो, हा प्रश्न विचारला की या निरागस व्यवस्थेचे वर्गस्वरूप उघडे पडते.

ही पद्धत ज्या देशातून आली तेथील अनुभव पाहावा. अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठाचे व्हार्टन हे १८८१ साली स्थापन झालेले, विद्यापीठीय पातळीवरचे पहिले व्यवसाय-विद्यालय. तेथे पदवीसाठी येणारा विद्यार्थी नोव्हेंबरच्या आरंभी ‘बांधील’ अर्ज करू शकतो. म्हणजे प्रवेश मिळाला तर तो घेतलाच पाहिजे, दुसरीकडे जाता येणार नाही. चार विद्यापीठांनी देऊ केलेल्या शिष्यवृत्त्यांची तुलना करून मगच निर्णय घेणे ज्याला भाग आहे, अशा गरीब घरातील मुलाला हा अर्ज परवडत नाही. ज्याच्या बापाला शुल्काची चिंता नाही तोच निर्धास्तपणे सही करतो. त्यात खेळाडूची भर पडली की प्रशिक्षक आपल्या यादीत नाव घालतो आणि अर्जाचा मार्ग आणखी सुकर होतो. हार्वर्ड विद्यापीठावरील खटल्यात जी आकडेवारी न्यायालयापुढे आली, तिच्या आधारे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण हे खेळाडू म्हणून निवडलेले, माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापकांची मुले, अथवा देणगीदारांशी लागेबांधे असलेल्या खास यादीतील होते; आणि ही सवलत नसती तर त्यांतील सुमारे तीन चतुर्थांशांना दार बंद झाले असते. अमेरिकेत ज्याला गुणवत्तेचे राज्य म्हणतात त्याची ही अंतर्रचना आहे. तेथल्या नौकानयनाच्या, स्क्वॉशच्या आणि तलवारबाजीच्या संघांत झोपडपट्टीतील मुले नसतात, हे सांगण्यास संशोधकाची गरज नाही.

या मार्गाची बाजारात किंमत किती, तेही १२ मार्च २०१९ रोजी जगाला कळले. रिक सिंगर नावाच्या प्रवेश-सल्लागाराने सुमारे अडीच कोटी डॉलर पालकांकडून गोळा केले होते आणि त्यांतून विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना लाच चारली होती. ज्या मुलांनी कधी शिडाची नाव हाती धरली नाही ती नौकानयनपटू ठरली. कोणाचे तोंड दुसऱ्याच खेळाडूच्या छायाचित्रावर चिकटविले गेले. येल, स्टॅनफर्ड, जॉर्जटाउन, दक्षिण कॅलिफोर्निया अशी मोठमोठी नावे त्यात निघाली. सिंगरला २०२३ च्या जानेवारीत साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. येथे एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. सिंगरने जे केले तो गुन्हा ठरला, कारण त्याने खोटा खेळाडू बनविला. आठवीपासून लाखो रुपये ओतून खरा गोल्फपटू बनविणे हा मात्र गुन्हा नाही, ती पालकांची दूरदृष्टी होय! मागचे दार आणि बाजूचे दार यांतला भेद एवढाच.

महाराष्ट्राने यावर नाके मुरडण्याचे कारण नाही. राज्य शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले. हेतू उत्तम होता. पण पुढे ट्रॅम्पोलिनसारख्या, ग्रामीण महाराष्ट्राने कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या खेळांच्या बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे बाहेर आली. खेळाची सवलत जेथे कागदावर मिळते, तेथे कागद विकणारा उभा राहतो.

आता नवी मुंबईकडे वळू. या शहराचा इतिहास येथल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे, तरी या प्रश्नाच्या संदर्भात तो पुन्हा आठवावा लागतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-बेलापूर, पनवेल, उरण या पट्ट्यातील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे, खाडीची मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे साधन गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई-न्हावाशेवा परिसरात जे आंदोलन झाले, त्यावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला तो त्या रक्तातून. त्याच जमिनीवर १९८९ मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले, गोदामे आली, माहिती-तंत्रज्ञानाची संकुले आली, आणि आता विमानतळ आला आहे. या सर्वांचा कारभार पाहणारा व्यवस्थापक व्यवसाय-विद्यालयातून येतो. गावातला मुलगा तेथे जातो तो कंत्राटी सुरक्षारक्षक म्हणून, मालमोटारीवरचा चालक म्हणून, फार तर ठेकेदाराचा मुकादम म्हणून. जमीन ज्याची होती त्याच्या नातवाला त्या जमिनीवरचा निर्णय करण्याचे शिक्षण मिळते की नाही, हा प्रश्न ‘करिअर’चा नाही. तो सत्तेच्या वाटपाचा आहे.

व्यवस्थापनशास्त्राचे नाव काढले की चळवळीतील काही ज्येष्ठ मंडळी तोंड वाकडे करतात. भांडवलदारांचे मुनीम तयार करणाऱ्या त्या शाळा. तेथे आपली मुले गेली काय, न गेली काय! ही भूमिका तात्त्विक दृष्ट्या कितीही शुद्ध दिसली तरी तिचा व्यवहारातील अर्थ एवढाच होतो की, मुनीमही त्यांचेच आणि मालकही त्यांचेच. सहकारी साखर कारखान्यांची, दूध संघांची, सार्वजनिक उद्योगांची जी वाताहत या राज्याने पाहिली, तीत राजकारण्यांच्या लोभाइतकाच वाटा हिशेब आणि नियोजन समजणारी माणसे श्रमिकांच्या बाजूला नसण्याचाही होता.

आणि या गावांत खेळाडू नाहीत असे थोडेच आहे? ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी गावांत कबड्डीची परंपरा अशी की जत्रा आणि कबड्डीचे सामने यांची तिथी एकमेकींना धरून ठरते. मिठागराच्या बांधावर वाढलेल्या पोराच्या पायांत जी चपळाई असते ती कोणत्याही अकादमीत विकत मिळत नाही. परंतु त्या पोराला मैदान कोणते मिळाले? घणसोलीत शासकीय क्रीडासंकुलासाठी २० एकरांचा भूखंड २००३ साली राखून ठेवण्यात आला होता. तेथे संकुल उभे राहिले नाही. २०१६ मध्ये सिडकोने त्यातील काही जमीन खासगी विकासकाकडे वळविली, आणि २०२१ मध्ये शासनाने ते क्रीडासंकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, नाणोरे येथे, म्हणजे सुमारे ११५ किलोमीटर दूर नेण्याचे ठरविले! घणसोलीच्या मुलाने सरावासाठी माणगावला जावे, असा हा नगरनियोजनाचा चमत्कार. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा निर्णय रद्द ठरविला, ही समाधानाची गोष्ट. पण दोन दशके तेथे एकही मूल धावले नाही ती वर्षे न्यायालय परत देऊ शकत नाही. त्याच सिडकोने खारघरला मात्र गोल्फचे मैदान तयार करून दाखविले आहे. त्यासाठी ११५ किलोमीटर जावे लागत नाही. संपादित जमिनीवर सार्वजनिक संस्थेने गोल्फ उभारला आणि कबड्डी-खोखोचे संकुल बिल्डराच्या वाटेवर सोडले, हे एकदा समजले की परदेशी अर्जावर ‘खेळ’ या रकान्यात कोणता खेळ लिहिला जाईल आणि तो कोणाचा मुलगा लिहील, हे वेगळे सांगावे लागत नाही.

देशातील व्यवस्थापन संस्थांची रीत निराळी आहे, पण खेळाडूच्या दृष्टीने ती अधिक कठोर आहे. १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या; पवईची १९६३ मधील ‘नीटी’ ही संस्था २०२३ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई झाली. या संस्थांची सामायिक प्रवेश परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस होते. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच तिला बसण्याची मुभा असल्यामुळे शहरी विद्यार्थी दुसऱ्या वर्षापासूनच शिकवणीला बसतो. खेळाडूचे वर्ष मात्र वेगळ्या पंचांगाने चालते. ऑक्टोबर ते जानेवारी हाच आंतरविद्यापीठ स्पर्धांचा, विभागीय आणि राष्ट्रीय निवडीचा काळ. विद्यापीठाच्या संघात जागा मिळविलेल्या मुलीने नोव्हेंबरात मॅटवर उतरावे की परीक्षा केंद्रात जावे? संस्थेला याचे सोयरसुतक नाही.

त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. मुलाखतीसाठी निवड करताना अनेक संस्था प्रवेश परीक्षेबरोबर दहावी, बारावी आणि पदवी यांच्या गुणांनाही भार देतात. सोळाव्या वर्षी जो मुलगा शालेय राज्य स्पर्धेसाठी महिनाभर शिबिरात होता, त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर त्या महिन्याची खूण कायमची राहते. शिक्षण मंडळ खेळाडूंना सवलतीचे काही गुण देते खरे. पण मुंबई-पुण्याच्या नामांकित शाळेतील मुलाशी तुलना व्हायची तेव्हा ते समुद्रात चिमूटभर मीठ. सहा वर्षांनंतर, तो मुलगा कितीही शहाणा झालेला असो, ती गुणपत्रिका त्याच्या आडवी येते. म्हणजे एकीकडे ‘खेळातून नेतृत्व’ असा जप आणि दुसरीकडे खेळण्याची शिक्षा! गुणवत्तेची ही व्याख्या ज्यांनी केली त्यांच्यापैकी कोणी चिखलात पाय घातला असेल असे वाटत नाही.

राज्यातील व्यवस्थापन महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा वेगळी आहे. तेथे सैनिकांच्या पाल्यांना, दिव्यांगांना, अनाथांना राखीव जागा आहेत, आणि त्या असल्याच पाहिजेत. विनाअनुदानित संस्थांत मात्र वीस टक्क्यांपर्यंतच्या जागा संस्था पातळीवर भरता येतात. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना जे दार उघडले, त्यातून आलेल्या देणगीशाहीला आवरण्यासाठी १९८७ चा कॅपिटेशन शुल्कबंदी कायदा करावा लागला. पुढे २००२ चा टी. एम. ए. पै निकाल, २००५ चा इनामदार निकाल आणि २०१५ चा राज्याचा कायदा अशी न्यायालये आणि विधिमंडळे यांची ओढाताण चालू राहिली. या सगळ्या घोळात संस्थाचालकाच्या हातची ती जागा शाबूत राहिली. त्या जागेवर कबड्डीपटूला बोलावून बसविले, अशी बातमी कोणाच्या कानावर आली आहे काय?

खाशाबा जाधवांची आठवण येथे टाळता येत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आले ते त्या गहाणखतावर. पदक आणल्यावर या राज्याने त्यांना काय दिले? १९५५ मध्ये पोलीस उपनिरीक्षकाची नोकरी. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे? तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि पदक गळ्यात पडल्यावर बढतीची फाइल हलली. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तेथे धावपटू झाला. बहात्तर वर्षांत खेळाडूला मिळणाऱ्या नोकरीची खाती तेवढी वाढली. निर्णयाच्या खुर्चीकडे जाणारी वाट त्याच्यासाठी कोणी बांधली नाही. तिशीत गुडघा गेला, वेग गेला की तो माणूस कोणत्या तरी कार्यालयातील मागच्या टेबलावर जाऊन बसतो.

या टीकेवर एक उत्तर ठरलेले असते. खेळाडूंना सवलत दिली तर गरिबांच्या मुलांनाच फायदा होईल, मग श्रीमंतांच्या टेनिसचा एवढा राग कशाला? उत्तर खरे आहे, पण अर्धे. सवलत जर कोणता खेळ, कोणत्या वयात, किती खर्चाने, हे न विचारता दिली तर ती प्रत्येक वेळी वरच्या वर्गाकडे वाहत जाते. त्याउलट ती नीट बांधली तर तिचा उपयोग होतो. मद्रासच्या आयआयटीने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन अधिक जागा सुरू केल्या, त्यांतील एक मुलीसाठी. इतरांच्या जागा कमी न करता हे करता येते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. अर्थात तेथेही जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव लागणे आवश्यकच आहे, त्यामुळे ज्याच्या बापाने शिकवणीचे लाख-दोन लाख भरले तोच तेथवर पोचतो. पण पायंडा पडला.

गंमत अशी की, ‘लवकर अर्ज’ ही कल्पनाच मुळात खेळाडूच्या सर्वाधिक उपयोगाची आहे. हार्वर्डच्या व्यवसाय-विद्यालयात पदवीच्या शेवटच्या वर्षीच निवड करून, काही वर्षे बाहेर नोकरी केल्यानंतर वर्गात येण्याची सोय आहे. आपल्याकडील काही संस्थांनीही तशा योजना काढल्या. नोकरीसाठी जागा राखून ठेवता येते तर देशासाठी, राज्यासाठी, विद्यापीठासाठी खेळण्यास का ठेवता येऊ नये? विसाव्या वर्षी ज्या मुलीला प्रवेशाचे पत्र हाती मिळाले, ती पुढची आठ वर्षे निर्धास्तपणे चढाया करील. दुखापत झाली तर आयुष्य संपले या भीतीने तिला पंचविशीतच मॅट सोडावी लागणार नाही. आज हीच सोय सल्लागाराला पैसे मोजणाऱ्या घरांपाशी अडकली आहे. ती तेथून सोडवून आणण्याचा प्रश्न आहे.

तो प्रश्न नवी मुंबईत तातडीचा झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांसाठी नियम केले. त्यांना शुल्क आणि प्रवेशपद्धती स्वतः ठरविण्याची मोकळीक आहे, सामाजिक आरक्षणाचे बंधन नाही. जून २०२५ मध्ये ॲबरडीन, यॉर्क यांसह पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली, आणि विमानतळाजवळ सिडकोच्या जमिनीवर त्यांचे शिक्षणनगर वसविण्याची घोषणा झाली. अर्थशास्त्र आणि व्यवसाय-व्यवस्थापन हे तेथले खपाचे विषय असणार. म्हणजे ज्या ९५ गावांची जमीन ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी घेतली, तिच्यावर ज्या वर्गांत प्रवेशाला आरक्षण नाही आणि शुल्काला मर्यादा नाही असे वर्ग भरणार; आणि त्यांत लवकर अर्ज करणाऱ्या, गोल्फ खेळणाऱ्या मुलांचे स्वागत होणार. हे प्रयोजन सार्वजनिक कसे, याचे उत्तर सिडकोने द्यायचे आहे.

भूखंड देण्याआधी अटी घालता येतात. इमारत उभी राहिल्यावर केवळ निवेदने देता येतात. म्हणून मागण्या आताच आणि नेमक्या शब्दांत पुढे आल्या पाहिजेत. सिडकोने आजवर शिक्षणसंस्थांना दिलेल्या प्रत्येक भूखंडाचा करारनामा, दर आणि अटी यांसह, प्रसिद्ध करावा. शिक्षणनगरातील आणि सिडकोच्या भूखंडांवरील प्रत्येक व्यवस्थापन अभ्यासक्रमात प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी आणि जिल्हा पातळीपासून वर खेळलेल्या खेळाडूंसाठी विनाशुल्क अधिक जागा असाव्यात. त्या जागा देताना कबड्डी, खो-खो, कुस्ती, मैदानी खेळ यांना प्राधान्य असावे. दहावी-बारावीच्या गुणांचा भार खेळाडूंना लावू नये. आणि एकदा मिळालेली जागा खेळाची कारकीर्द संपेपर्यंत राखून ठेवावी. प्रमाणपत्राची छाननी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या एका सहीवर सोपवू नये; सामन्यांची गुणपत्रके ग्रामपंचायतीत किंवा प्रभाग कार्यालयात लावावीत, म्हणजे गावच सांगेल की हा पोरगा खेळला होता की नाही. घणसोलीच्या भूखंडावर संकुलाचे काम कोणत्या तारखेला सुरू होणार, तेही त्याच निवेदनात विचारावे.

जासई, उलवे, घणसोली, करावे, दिवाळे येथील कबड्डी मंडळांची मोसमी स्पर्धा सुरू होईल तेव्हा हे निवेदन मैदानावर वाचून दाखविण्याचे आणि खेळाडूंच्या सह्या घेण्याचे काम स्थानिक शाखांनी अंगावर घ्यावे. सह्या करणाऱ्यांत सामन्याला जमलेल्या आयाबहिणीही असाव्यात. जमीन गेली तेव्हा सातबाऱ्यावर त्यांची नावे नव्हती.